खेळतो तो कोण?

पॉल मॉर्फी 1884 मध्ये वारला, कॅपाब्लांका 1942 मध्ये, अर्न्स्ट ग्रुनफेल्ड 1962 मध्ये. तरीही 1980च्या दशकाच्या आरंभी अप्लाइड कन्सेप्ट्स या अमेरिकी कंपनीने या तिन्ही बुद्धिबळपटूंची नावं एका बुद्धिबळ-यंत्रात आणली. ओपनिंगसाठी ग्रुनफेल्ड, मधल्या खेळासाठी मॉर्फी, एंडगेमसाठी कॅपाब्लांका, अशी खोबणीत बसणारी तीन मॉड्यूल. यंत्र तेच राहायचं, बदलायचं ते मॉड्यूल. मग अशा यंत्राने डाव मारला, तर जिंकलं कोण?

जुनी बुद्धिबळ-यंत्रं जमवणाऱ्यांच्या हातात हा प्रश्न अक्षरशः सापडतो. म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लेझर कंपनीने ‘मेफिस्टो’ नावाचे देखणे लाकडी पट काढले, पोटातल्या कप्प्यात मॉड्यूल सरकवायचं. ॲमस्टरडॅम, डॅलस, रोमा, अल्मेरिया, लियाँ ही रिचर्ड लँग यांच्या प्रोग्रामची नावं. 1985 ते 1990 या काळात मायक्रोकॉम्प्युटरांच्या जागतिक स्पर्धा जिथे भरल्या, त्या शहरांची. आणि मेफिस्टो म्हणजे जर्मन आख्यायिकेतल्या फाउस्टच्या आत्म्याचा सौदा करणारा सैतान!

ज्ञानेश्वरीवर वाढलेल्या मराठी मनाला इथे एक उत्तर लगेच सुचतं: पट हा देह, मॉड्यूल हा आत्मा, वस्त्र बदलावं तसा देह बदलतो. उत्तर मोहक आहे, पण टिकत नाही. त्या काळच्या अनेक मॉड्यूलांतला प्रोग्राम ईप्रॉम चिपवर असतो. चिपच्या माथ्यावर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत गेले की सगळं पुसलं जातं. म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली असते. पट्टी शाबूत असली तरी चिपमधला विद्युतभार दशकानुदशकं हळूहळू झिरपतच राहतो. गीतेतला आत्मा अविनाशी आहे. हा तर उन्हालाही भितो. जाणकार संग्राहक वेळीच नव्या चिपवर प्रत काढून ठेवतात, आणि ती प्रत हुबेहूब तसाच खेळ करते. म्हणजे खेळाडू मूळ चिपमध्येही अडकलेला नव्हता.

इथे बौद्ध भिक्षू नागसेन अधिक उपयोगी पडतो. मिलिंद राजाला त्याने विचारलं होतं की रथ म्हणजे आस, चाकं की जू? यांपैकी एकही नाही. सगळं जुळून येतं त्याला रथ म्हणतात. बुद्धिबळाच्या पटावर हे फार स्पष्ट दिसतं. ग्रुनफेल्डने पुढे ढकललेलं प्यादं मागे येत नाही. त्याचं फळ शेवटी कॅपाब्लांकाच्या वाट्याला येतं. ते प्यादं का हललं, याची त्याला गंधवार्ता नसते. कर्माची साखळी अखंड आहे, कर्ता मात्र कुठल्याही एका खोबणीत सापडत नाही.

या विचाराची कसोटी घ्यायची असेल, तर दोन मेफिस्टो पटांत अल्मेरियाच्या दोन प्रती घालून त्यांना एकमेकींविरुद्ध खेळवावं. चाल सुचवणारा प्रोग्राम दोन्हीकडे एकच. काळ्याचा राजा मात झाला, तर काळा हरला हे नक्की. अल्मेरिया हरला की जिंकला, हे मात्र आत्मा मानणाऱ्याने सांगावं.