म्हाताऱ्या गाई आणि आमचे मृत्युपत्र

एक घरचीच गोष्ट सांगते.

गेल्या हिवाळ्यात उंटरश्लाइसहाइमच्या आमच्या घरी यजमान आणि मी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा करायला बसलो. पेशंटना वेळेवर तपासण्या करा म्हणून बजावणारी मी, हे काम मात्र वर्षानुवर्षे टाळत आले होते. राहते घर आणि बचत दोन्ही मुलांना. कोकणातले गळके, भाऊबंदकीत अडकलेले घर एका सेवाभावी संस्थेला, असे ठरले. मुलांचे झाले, दानही झाले, म्हणून आम्ही समाधानी!

मसुदा मुलीला दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "आई, आम्हाला जे नको, तेच तुम्ही दान देताय का?"

मला एकदम कठोपनिषदातला नचिकेता आठवला. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यायचे ठरवले, आणि दिल्या त्या दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई. ते पाहून अस्वस्थ झाला तो त्याचा लहानगा मुलगा. मला कोणाला देणार, असे त्याने वडिलांना पुन्हा पुन्हा विचारले. त्याने स्वतःचा वाटा मागितला नाही. वडिलांचे दान खरे व्हावे एवढीच त्याची तळमळ होती. मुलांचा डोळा इस्टेटीवर असतो, असे आपणच धरून चालतो.

मग सगळेच देऊन टाकायचे का? तसेही नाही. तुकोबांची कथा आपण जाणतोच. घरच्या सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, पण फक्त आपल्या वाट्याची. धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याच्या हाती दिला. आपले वैराग्य त्यांनी दुसऱ्यावर लादले नाही.

इथला कायदाही काहीसा असाच आहे. मुलाला वारसाहक्काने जे मिळाले असते, त्याच्या निम्म्या किमतीवरचा त्याचा हक्क, म्हणजे 'फ्लिश्टटाइल', सहसा डावलता येत नाही. मृत्यूपूर्वीच्या १० वर्षांत दिलेली मोठी दानेही त्यात अंशतः धरली जातात. बाकीचे कोणाला द्यायचे, ते आपण ठरवायचे. आई आणि वडील प्रत्येकाकडून मुलाला ४ लाख युरोपर्यंत करमुक्त मिळते आणि मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला दिलेल्यावर वारसा कर नाही. घरी केलेले मृत्युपत्र मात्र संपूर्ण स्वहस्ते लिहून सही केलेले हवे. टाइप करून नुसती सही चालत नाही. भारतातल्या मालमत्तेसाठी तिथल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. फी नाममात्र होती. बाकीचा खर्च समाजाने केला. ज्या गोरगरीब बायांच्या बाळंतपणांत मी हात चालवायला शिकले, त्यांचे देणे राहिलेच आहे. आधी कर्ज फेडावे, उरेल तो वारसा. मुलांच्या ताटातले काढून हे द्यायचे नाही; ते त्यांच्या ताटात कधी नव्हतेच.

आम्ही मसुदा बदलला. बचतीचा दहावा हिस्सा गावाकडच्या एका रुग्णालयाला. कोकणातल्या घराचा तंटा आम्ही हयातीतच मिटवणार. तो कोणाच्याही गळ्यात मारायचा नाही.

या उत्सवात आरती-प्रसाद झाला की मुलांना जवळ बसवा, कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांचे ऐका. तुमच्याही घरात एखादा नचिकेता असेल.

गणपती बाप्पा मोरया!