ढिगातली ओल

रेडिओवर जाहिराती आल्या 1967 साली, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या 1976 साली आल्या. वर्धेत आम्ही नागपूर केंद्र ऐकतच मोठे झालो. गाण्याच्या मध्येच तीच ती जाहिरात लागली की आम्ही वैतागून आवाज बंद करतो. पण आवाज बंद केला म्हणजे सुटलो का?

हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेणारा ढिगात हात घालून ओल बघतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला होता. आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. जाहिरातीत असा हात घालता येत नाही.

वर्गात एका मुलीने विचारले, "सर, उस क्रीम से सच्ची में गोरे होते क्या?" आम्ही ठामपणे "नहीं बेटा" म्हणालो. त्याच आठवड्यात धाकट्या भावासाठी स्थळ पाहताना आमच्याच घरून निरोप गेला : मुलगी गोरी हवी. आम्ही गप्प बसलो.

एका प्रसिद्ध क्रीमने 2020 साली नावातला 'फेअर' शब्द तरी गाळला. आमच्या निरोपातला शब्द तसाच आहे.