तबकडीचं घराणं

विस्कॉन्सिन चेअर कंपनी ही अमेरिकेतली खुर्च्या-टेबलं करणारी कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिने ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायला घेतली. कपाटं खपायची तर लोकांकडे वाजवायला काहीतरी हवं, म्हणून ‘पॅरामाउंट’ या नावाने तबकड्याही काढल्या. माल हलका, खर्च कमीत कमी, आवाज खरखरता. १९२० साली ‘ओके’ या दुसऱ्या कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी काढली. ती धडाक्याने खपली आणि कृष्णवर्णीय माणूसही पदरचे पैसे मोडून गाणं विकत घेतो, हा शोध सगळ्याच कंपन्यांना एकदम लागला. मग पॅरामाउंटनेही मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस यांची गाणी मुद्रित केली. मंदीत धंदा बसला तेव्हा ज्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या निघत, ते भंगारात गेले. त्यामुळे आज पॅटनचा आवाज ऐकायचा तर कुणाच्या तरी घरात झिजेपर्यंत वाजलेल्या प्रतीवरून, खरखरीच्या आडूनच ऐकावा लागतो.

रॉक संगीताचा वंशवृक्ष काढताना ज्यांची नावं मूळपुरुष म्हणून आदराने घेतली जातात, त्यांचं गाणं बाजारात आलं ते असं, फर्निचरच्या जोडीला द्यायचा माल म्हणून.

या मंडळींचा प्रभाव किती खोल आहे, हे सांगणारं लिखाण ढिगाने आहे. एल्विस, बीटल्स, रोलिंग स्टोन्स, हेंड्रिक्स, लेड झेपेलिन असा जप झाला की लेख संपतो. मला त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं कुतूहल आहे. हा प्रभाव एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला कसा, आणि जाताना वाटेत काय गळलं?

ब्लूजचा सांगाडा साधा आहे. चार मात्रांचे बारा खंड, की एक आवर्तन पुरं. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. खरी मजा स्वरांत. गंधार धड कोमल नाही, धड शुद्धही नाही. दोहोंच्या मधे कुठेतरी तो तळमळत असतो. पियानोच्या पट्ट्यांत तो सापडत नाही, पण गिटारच्या तारेवर चाकूचं पातं किंवा बाटलीची मान घासली की हाती लागतो. मींड आणि श्रुती कानावर असलेल्या आपल्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उलट, पाश्चात्त्य स्वरलिपीवर पोसलेल्यांनाच ते कागदावर कसं उतरवायचं, हा प्रश्न पडला.

ही विद्या मिसिसिपीच्या सखल, कापूस पिकवणाऱ्या मुलखात तोंडी चालत आली होती. दहा-बारा वर्षांत तिच्यात तबकडी घुसली. रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळवली, ही कथा मला कंटाळवाणी वाटते. शिवाय ती आधी टॉमी जॉन्सन या भलत्याच गायकाबद्दल सांगितली जात होती. रॉबर्ट जॉन्सन शिकला तो सन हाउससारख्यांना समोर बसून ऐकून आणि कोकोमो आर्नल्ड, लेरॉय कार, लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या पुन्हापुन्हा लावून. यांतल्या कित्येकांना तो कधी भेटलाही नसेल. १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये त्याची एकूण २९ गाणी मुद्रित झाली. १९३८ च्या ऑगस्टमध्ये तो गेला तेव्हा जेमतेम २७ वर्षांचा होता. त्याच डिसेंबरात तबकड्यांचे निर्माते जॉन हॅमंड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताची मैफल भरवत होते आणि त्यांना जॉन्सन हवा होता. तो मेल्याचं कळल्यावर त्यांनी रंगमंचावर त्याच्या तबकड्या लावल्या. माणसाच्या जागी तबकडी बसवण्याचा हा प्रकार पुढे फार मोठ्या प्रमाणावर होणार होता.

१९४१ सालची एक मुलाखत मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क गाणी गोळा करत स्टोव्हॉलच्या मळ्यावर पोचले. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मकिन्ली मॉर्गनफील्डने, म्हणजे पुढच्या मडी वॉटर्सने, त्यांना एक गाणं ऐकवलं. हे कुठून आलं, असं लोमॅक्सने विचारलं. मडी म्हणाला, गाडीचं पंक्चर काढता काढता मीच रचलं. थोड्या वेळाने म्हणाला, ही चाल कापसाच्या शेतातली आहे, रॉबर्ट जॉन्सनचीही अशीच तबकडी आहे. पुढे हेही सांगितलं की, आपण ते सन हाउसकडून शिकलो.

काही अभ्यासकांना यात गोंधळ दिसतो, मला अजिबात दिसत नाही. ख्यालगायकाला विचारा. बंदिश परंपरेची, तालीम गुरूची, गायकी स्वतःची. तिन्ही दावे तो एकाच दमात करील आणि तिन्ही खरे असतील. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावील तेवढंच. देवाणघेवाण हाच या विद्येचा श्वास आहे. गोंधळ होतो तो रचनाकार या रकान्यात एकच नाव लिहायला सांगणारा छापील कागद पुढे आला की.

लोमॅक्सने पुढे मडीला तबकडीच्या दोन प्रती आणि २० डॉलर पाठवले. स्वतःचा आवाज ऐकून त्याला भरवसा आला. १९४३ मध्ये तो आगगाडीने शिकागोला गेला. मिसिसिपीतून लाखो कृष्णवर्णीय त्याच वाटेने उत्तरेकडे जात होते. तिथल्या गुत्त्यांतल्या कलकलाटात साधी गिटार कुणाला ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची घेतली. ‘रॉकचा आवाज’ म्हणून जग जे ओळखतं, त्याचा उगम निम्मा तरी या व्यावहारिक अडचणीत आहे. चेस बंधूंच्या कंपनीने तो आवाज तबकडीवर उतरवला आणि तबकड्या समुद्रापार गेल्या.

१९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनावर कीथ रिचर्ड्सला बालपणीचा ओळखीचा मिक जॅगर भेटला. त्याच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या, थेट शिकागोहून टपालाने मागवलेल्या तबकड्या होत्या. त्यांच्या रोलिंग स्टोन्सनी आपलं नावच मडीच्या १९५० च्या एका गाण्यावरून घेतलं. त्याच १९६१ साली कोलंबिया कंपनीने रॉबर्ट जॉन्सनची निवडक गाणी एका लाँगप्ले तबकडीवर आणली आणि एरिक क्लॅप्टनच्या पिढीने ती पाठ केली. आपल्याकडे पाचगणीच्या वसतिगृहात फारुख बलसारा नावाचा मुलगा १९५८ पासून ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनोची गाणी वाजवत होता. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. हे सगळे एकाच घराण्याचे शागीर्द, पण या घराण्यात गुरूने शिष्याचं तोंड पाहिलेलं नसे.

त्याचा फायदा मोठा होता. गंडा बांधायला नको, गुरूची मर्जी सांभाळायला नको, जातीचा-रंगाचा अडसर नको. मिसिसिपीत गोऱ्या मुलाने सन हाउसच्या पायाशी बसून शिकणं त्या काळी जवळपास अशक्य होतं. लंडनच्या उपनगरात बसून ते सहज जमलं. पण तबकडी स्वर पोचवते, ऋण पोचवत नाही. समोर बसून शिकलेल्याला गुरूची पडकी खोली दिसते, त्याचं आजारपण दिसतं. तबकडीवरून शिकलेल्याला एक लेबल दिसतं आणि त्यावर कंसात छापलेलं नाव, जे बरेचदा चुकीचं असतं.

ब्लूज गायक आर्थर क्रुडपचंच घ्या. त्याचं १९४६ चं ‘दॅट्स ऑल राइट’ एल्विस प्रेस्लीने जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत गायलं आणि एल्विसची कारकीर्द सुरू झाली. एल्विसला त्याची जाण होती. १९५६ मध्ये एका वार्ताहराशी बोलताना त्याने क्रुडपचं नाव घेतलं होतं. पण नाव घेणं वेगळं आणि हिशेब चुकता करणं वेगळं. क्रुडप व्हर्जिनियात शेतमजुरी करत राहिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ६०,००० डॉलरची तडजोड ठरली, तर ऐन सहीच्या वेळी प्रकाशन कंपनीने माघार घेतली. १९७४ मध्ये क्रुडप वारला. पैसा मिळाला तो नंतर, वारसांना.

इथे गोरे चोर आणि काळे साव असं सोपं चित्र रंगवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पुरावा साथ देत नाही. कृष्णवर्णीय गायिका बिग मामा थॉर्नटनचं ‘हाउंड डॉग’ एल्विसने लाटलं, असं म्हणतात. पण ते गाणं मुळात लीबर आणि स्टॉलर या दोन गोऱ्या, विशीही न गाठलेल्या पोरांनी तिच्यासाठी १९५२ मध्ये लिहिलं होतं. चक बेरीने ‘मेबलीन’ रचलं ते ‘आयडा रेड’ या गोऱ्यांच्या ग्रामीण गाण्यावरून. त्याच्या ‘जॉनी बी. गुड’ची जगप्रसिद्ध सुरुवात म्हणजे लुई जॉर्डनच्या वाद्यवृंदातल्या कार्ल होगनने १९४६ मध्ये वाजवलेली सुरावट. ही देवघेव चालायचीच, चालायलाच हवी. चीड येते ती दुसऱ्या गोष्टीची. ‘मेबलीन’ १९५५ मध्ये बाजारात आलं तेव्हा लेबलवर बेरीच्या जोडीला रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो अशी आणखी दोन नावं होती. गाण्यात त्यांचा वाटा शून्य, स्वामित्वधनात मात्र प्रत्येकी एक वाटा. पुरा हक्क परत मिळवायला बेरीला १९८६ उजाडलं. पुढे तो रोख पैसे आधी हातात पडल्याशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवत नसे. आयोजक त्याला खडूस म्हणत. १९७९ मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगातही जाऊन आला. त्याचं समर्थन करायचं नाही, पण हा माणूस कागदावर विश्वास का ठेवत नव्हता, हे कळतं.

विली डिक्सनने तोच कागद हत्यार म्हणून वापरला. चेस कंपनीचा हा धिप्पाड बासवादक-गीतकार; मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांची कितीतरी गाणी त्याची. त्याच्याच ‘लिटल रेड रूस्टर’ने स्टोन्सना डिसेंबर १९६४ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक दिला, आणि तिथे त्याचं नाव होतं. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’वर मात्र नव्हतं, जरी ते गाणं त्याने मडीसाठी लिहिलेल्या ‘यू नीड लव्ह’शी उघड नातं सांगत होतं. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याने ब्लूजवाल्यांना हक्क मिळवून देण्यासाठी ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ काढलं. त्याच्या पश्चात १९९३ मध्ये त्याच्या पत्नीने शिकागोच्या साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरची चेस कंपनीची जुनी इमारतच संस्थेसाठी विकत घेतली. इतक्या स्वच्छपणे व्याज वसूल केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आपण मराठी माणसांनी हे सगळं दूरच्या देशातलं पाप म्हणून वाचू नये. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ आणलं. अमेरिकेतली रॉक अँड रोलची लाट इतक्या लवकर मुंबईत वाजू शकली, कारण इथे गोव्याचे वादक तयार होते. चिक चॉकोलेटसारखे हे लोक स्वरलिपी वाचणारे, पण जॅझ-ब्लूजचा लहेजा तबकडीवरून उचललेले. हिंदी सिनेसंगीताचं वाद्यसंयोजन कित्येक वर्षं त्यांनी तोललं, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव क्वचितच आलं. १९७२ मध्ये झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, स्थानिक वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. गाण्यांच्या नावापुढे काय, तर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला घाबरलेला माणूसही आपल्याकडेच होऊन गेला. अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही; विद्या चोरीला जाईल, ही धास्ती त्यामागे होती असं सांगतात. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, यांनी तबकड्या दिल्या, पण विद्या हात राखूनच. आणि गंमत अशी की, १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तेव्हा तिच्यावर केसरबाईंची भैरवी गेली, चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ गेलं आणि ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ चं शब्दांवाचून गुणगुणलेलं गाणंही गेलं. ब्लाइंड विली १९४५ मध्ये टेक्ससमध्ये दारिद्र्यात वारला होता. केसरबाई ‘व्हॉयेजर १’च्या उड्डाणानंतर अकराव्या दिवशी गेल्या. मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून थेट ताऱ्यांकडे पाठवावं असं ब्लाइंड विलीचं गाणं, आणि त्याला हयातीत धड घर नाही. प्रभाव या गोष्टीचा असा विचित्र व्यवहार आहे.

सन्मानाचंही तेच. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ मध्ये पहिली नावं निवडली तेव्हा त्यांत बेरी, एल्विस, लिटल रिचर्ड होते. विजेच्या गिटारवर देवाची गाणी गाऊन या तिघांच्याही आधी सभागृहं हलवणारी सिस्टर रोझेटा थार्प मात्र तिथे पोचली २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या कबरीवर १९३७ पासून दगडच नव्हता. तो १९७० मध्ये बसला तेव्हा खर्चातला वाटा जॅनिस जॉप्लिनने उचलला. जॅनिसला ही शिदोरी तबकडीतूनच मिळाली होती, आणि तिला ऋणाची आठवण राहिली. असे शागीर्द थोडे.

हे सारं वाचून ऐकावंसं वाटलं तर एक क्रम सुचवतो. सन हाउसचं १९३० चं ‘माय ब्लॅक मामा’, रॉबर्ट जॉन्सनचं १९३६ चं ‘वॉकिन ब्लूज’, मडी वॉटर्सने १९४१ मध्ये मळ्यावर गायलेलं ‘कंट्री ब्लूज’, त्याचंच १९४८ चं विजेवरचं ‘आय फील लाइक गोइंग होम’, आणि शेवटी क्लॅप्टनने १९९२ च्या ‘अनप्लग्ड’वर गायलेलं ‘वॉकिन ब्लूज’. पाचही मोबाइलवर सापडतील. ओळीने ऐका, आणि प्रत्येकाखाली रचनाकार म्हणून कोणाचं नाव दिलं आहे, तेही वाचा.