माफ केले म्हणजे काय केले?

'माफ' हा शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला तर आपण 'माफ करा' म्हणतो, आणि खटल्यातील आरोपी सरकारपक्षाला मिळाला तर वृत्तपत्रे त्याला 'माफीचा साक्षीदार' म्हणतात. शेतकऱ्याला कर्जमाफी, विद्यार्थ्याला फीमाफी, कैद्याला शिक्षेत माफी. इतक्या दारी राबणारा हा शब्द प्रत्येक दारी निराळे काम करतो, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

मुळात 'माफ' हा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने तो आपल्या दप्तरात शिरला, तो सूट किंवा मोकळीक या अर्थाने. ज्या जमिनीवर सारा नाही ती माफीची जमीन. 'क्षमा' हा शब्द संस्कृत. त्याच्या धातूचा अर्थ सहन करणे. पृथ्वीलाही 'क्षमा' असे नाव आहे. म्हणजे एका शब्दात देणे सुटते आणि दुसऱ्यात घाव सोसला जातो. आपण मात्र दोन्ही एकाच मापाने मोजतो.

बँकेच्या व्यवहारात हा फरक रोकडा दिसतो. २००८ साली केंद्र सरकारने शेतीकर्जे माफ केली, तेव्हा ती रक्कम हवेत विरली नाही. शेतकऱ्याच्या ऐवजी सरकारने ती बँकांना भरून दिली. कर्ज 'निर्लेखित' करणे ही तर माफीही नव्हे. बँक ताळेबंदातून रक्कम काढते, वसुलीचा हक्क तसाच ठेवते. (बड्या उद्योगपतींच्या निर्लेखित कर्जांविषयी चावडीवर वाद घालताना हे दोन्ही पक्ष विसरतात.)

न्यायालयातील माफी तर सरळ सौदाच आहे. जे ठाऊक आहे ते सारे खरेखरे सांगायचे, या अटीवर ती मिळते. काही दडविले तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला उभा राहू शकतो. तिथे पश्चात्तापाची चौकशी कोणी करीत नाही. प्रायश्चित्त संस्कारात मात्र पश्चात्ताप हाच पाया. तरीही पापक्षमा मिळाली म्हणून चोरलेला ऐवज घरात ठेवता येत नाही. तो परत करावा, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू भरून द्यावी, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पाप सुटते, भरपाई सुटत नाही.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत ही सारी क्षेत्रे एकत्र येतात. मत्तयाच्या ग्रीक मजकुरात त्या ठिकाणी 'ऋण' या अर्थाचा शब्द आहे, लूकने 'पाप' हा शब्द योजला आहे. प्रभूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द चाले. ऋणाचा दाखला प्रभूला फार जवळचा होता, आणि तो समर्पकही आहे. कारण ऋण सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचाच असतो. शेजाऱ्याने सोडून चालत नाही.

१३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आजाने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णशय्येवरून पोपमहोदयांनी त्याला क्षमा केली. दोन महिन्यांनी इटलीच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. डिसेंबर १९८३ मध्ये पोपमहोदय तुरुंगात जाऊन त्याच्याशेजारी बसून बोलले, आणि बोलणे संपल्यावर एकटेच परतले. त्याची इटलीतील शिक्षा राष्ट्राध्यक्षांनी माफ केली ती थेट २००० साली, आणि तेव्हाही तुर्कस्तानातील एका पत्रकाराच्या खुनाची शिक्षा त्याची वाट पाहत होतीच. क्षमा आणि सुटका यांत एकोणीस वर्षांचे अंतर पडले. त्या क्षमेला कोणी अपुरी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे मी लिहितो आहे ते आपल्या घरांसाठी. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या भगिनीला चार वडीलधारी माणसे समजावतात, "झाले गेले विसर, माफ करून टाक." कधीकधी त्या चौघांत आम्हा धर्मगुरूंपैकीही कोणी असतो. त्या एका शब्दात तिच्याकडून तीन गोष्टी मागितल्या जातात: मनातला द्वेष सोड, पोलीस ठाण्यातली तक्रार मागे घे आणि त्याच घरी नांदायला जा. पहिली गोष्ट शुभवर्तमान मागते. दुसरी मागतात ती बहुधा घराण्याची अब्रू सांभाळणारी माणसे. तिसरीसाठी तर आधी त्या पुरुषाचे वर्तन बदललेले दिसले पाहिजे, आणि ते पाहण्याची तसदी समजावणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी घेतो. तिचे येणे आपणच परस्पर सोडून मोकळे होतो!

अशा भगिनी दबक्या आवाजात एक प्रश्न विचारतात. "फादर, मी तक्रार मागे घेतली नाही, तर कम्युनियन घ्यायला येऊ का?" जरूर यावे. त्याचे वाईट व्हावे ही इच्छा सोडण्याची धडपड मनात चालू असेल, ती आज पुरी झालेली नसली तरी, तिने रविवारी वेदीजवळ यावे आणि तारीख असेल त्या दिवशी न्यायालयातही हजर राहावे.