सोवळे उतरल्यानंतर

कोकणातल्या माणसाला सोवळे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. विटाळ दुसऱ्याकडून येतो, तेव्हा पावित्र्य जपायचे तर चार हात लांब राहायचे. रत्नागिरीत १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उभे राहिले, ते याच समजुतीला धक्का म्हणून.

ख्रिस्ती विचारातले पवित्रीकरण या समजुतीच्या दुसऱ्या टोकाला आहे. निदान असायला हवे. देव माणसाला पदरात घेतो तो कृपेने, त्याची लायकी न बघता. स्वभाव पालटायला मात्र उरलेला जन्म लागतो, आणि ते काम पवित्र आत्म्याचे. इथवर सगळे उपदेशक सांगतात. हे काम मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात होते, एकट्याने नाही, यावर मात्र फारसे कोणी थांबत नाही. डोंगरावर एकटे बसून राग जिंकता येतो. दर रविवारी शेजारी येऊन बसणारा, आपले पैसे बुडवलेला गृहस्थ समोर असताना जिंकून दाखवावा!

करिंथच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल सुरुवातीलाच त्यांना पवित्र जन म्हणतो आणि मग त्यांची लक्तरे काढतो. गटबाजी, भावाभावांचे कोर्टकज्जे, आणि प्रभुभोजनाची तऱ्हा तर अशी की ज्याने त्याने आपले आणलेले आधीच उरकावे. एक झिंगलेला, दुसरा उपाशी. यावर पौल उपास सांगत नाही की प्रायश्चित्त देत नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढेच सांगतो. पंगत वाढून होईपर्यंत भाताला हात न लावणाऱ्या आपल्या लोकांना यातली मेख चटकन कळावी.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या घरचे. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई बरोबर आल्या नाहीत. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांच्या मनात जे चालले होते ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालत नसे. अशा घरातली ही बाई जात देवाने केली की माणसाने, याचा मनाशी निकाल लावते आणि दुसऱ्याच्या हातचे खाऊपिऊ लागते, तेही बाप्तिस्म्याच्या आधी. पवित्रीकरणावरचे जाडजूड ग्रंथ एका बाजूला आणि ही पाने एका बाजूला ठेवली, तर मी पाने उचलीन.

टिळकांची तक्रार वेगळी होती. मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी परकी होत चालली, असे त्यांना वाटे, आणि ते खोटे नव्हते. १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळेच शिष्य त्यात बसू शकत. कल्पना धाडसाची होती. पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार टिकला नाही. त्यांना दोनच वर्षे मिळाली, हे खरेच. तरी मला वाटते, तिथले सगळे एका संतकवीच्या ओढीने आलेले होते. न आवडणाऱ्या माणसाबरोबर वर्षानुवर्षे राहण्याची वेळ त्यांच्यावर अजून यायची होती.