माउलींनाही लेखनिक होता

सज्जनहो, शके १२१२ मध्ये नेवाशाला खांबाला टेकून माउली बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबा लेखनिक झाल्याची नोंद आहे आणि पारायणात आपण ती दरवर्षी वाचतो. लिहिणारा दुसरा होता म्हणून ज्ञान माउलींचे नव्हते, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग आपल्या गावातला एखादा मुलगा परीक्षेला लेखनिक घेऊन बसला, की आपल्याच तोंडून "त्याला काय, सवलत आहे" असे का निघते?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचून सुचला नाही. एका माउलीने तो माझ्यासमोर टाकला.

कळमेश्वरात आमच्या मंडळाचा हरिपाठ रोज संध्याकाळी होतो. तिथे एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन येत असे. मुलगा फारसे बोलत नसे. बसल्या जागी पुढेमागे डोलायचा, मधेच मोठ्याने ओरडायचा, टाळ्या वाजवायचा त्या भलत्याच ठेक्यात. दोन-तीन जणांनी माझ्याकडे कुरकूर केली. मीही एक दिवस म्हणालो, "ताई, त्याला जरा बाहेर ओट्यावर घेऊन बसा. तिथूनही ऐकू येते." बाई काही बोलली नाही. मुलाचा हात धरून बाहेर गेली आणि पुढे यायची बंद झाली. खरे सांगतो, त्या वेळी मला बरे वाटले. हरिपाठ सुरळीत झाला.

आषाढात आपल्या तालुक्यातल्या धापेवाड्याच्या यात्रेत ती पुन्हा भेटली. चंद्रभागेच्या काठी मुलाचे पाय धूत होती. मी विचारले, "हरिपाठाला का येत नाही?" ती म्हणाली, "महाराज, शाळेत मांगच्या बाकावर बसवते, देवळात बाहेर ओट्यावर. मंग मी याले नेऊ तरी कुठं?" विदर्भाच्या पंढरीत उभा राहून मला त्याचे उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले, की अशा मुलांना बाहेर बसवताना आपण तीन कारणे सांगतो. तिन्ही कारणे आपल्याच संप्रदायाच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत.

पहिले कारण पूर्वकर्माचे. "मागच्या जन्मीचे भोग, आपण काय करणार?" असे आपण सहज बोलून जातो. आळंदीत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चार लेकरांनाही असेच म्हटले होते. आईबापांचा दोष लेकरांच्या माथी मारला आणि मुंजीचा अधिकार नाकारला. आज ती कथा कीर्तनात आली की आपल्या डोळ्यांना पाणी येते. पण ते पाणी पुसून आपण शेजारच्या आईला तेच ऐकवतो. कर्माचा सिद्धांत माणसाने आपले आचरण तपासावे म्हणून आहे. दुसऱ्याच्या लेकराचे दुःख मोजायला तो वापरला, की समोरचा काही भोगत असो वा नसो, आपल्या हातून मात्र नवे वाईट कर्म घडते.

दुसरे कारण इतरांच्या नुकसानीचे. "एकासाठी चाळीस पोरांचा अभ्यास का बुडवायचा?" हा आक्षेप खोटा नाही. एका शिक्षकावर मोठा वर्ग सोपवायचा, मदतीला कोणी द्यायचे नाही आणि वर असे मूल नुसते आणून बसवायचे, तर गुरुजीही थकतात आणि मूलही. ज्या बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा कोणी शिकवलीच नाही, तो भरल्या वर्गातही एकटाच असतो. नुसते आत बसवणे म्हणजे सामावून घेणे नव्हे. म्हणूनच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवडही दिली. या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. न दिसणे, न ऐकणे त्यात आहेच, पण स्वमग्नता आणि अक्षर-अंक उमगायला अडचण येणेही आहे. शाळेत येणे शक्यच नसलेल्या मुलाला घरी शिकवण्याची योजनाही आहे. प्रत्येक तालुक्यात पंचायत समितीचे गट साधन केंद्र असते. समावेशित शिक्षणाची चौकशी तिथे करावी. नवस बोलायला आपण आईला दहा ठिकाणी पाठवतो. या एका ठिकाणी तिच्यासोबत जाऊन यावे.

तिसरे कारण सवलतीचे. जादा वेळ, लेखनिक, वेगळे पुस्तक, वेगळा प्रश्न, "मग सगळे समान कसे?" असे विचारतात. माउलींकडेच पाहू. गीता संस्कृतात होती आणि ऐकायला आलेल्यांना संस्कृत येत नव्हते. आधी संस्कृत शिकून या, असे माउलींनी सांगितले नाही. त्यांनी गीताच श्रोत्यांच्या बोलीत आणली. अर्थ तोच ठेवला, वाट बदलली. आपला सारा संप्रदाय या एका बदलावर उभा आहे. न पाहणाऱ्या मुलासाठी ब्रेल, न ऐकणाऱ्यासाठी खुणा, अक्षर न उमगणाऱ्यासाठी चित्र, हे त्याच वाटेवरचे काम आहे. सवलत म्हणायची तर आपल्याला मिळालेली ज्ञानेश्वरी ही पहिली सवलत.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ मध्ये, उण्यापुऱ्या चौतीस वर्षांत, ते देह ठेवून गेले. तेवढ्यात शंभरावर ग्रंथ झाले. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि ईश्वरी शक्ती म्हणून हात जोडतो. हात जोडावेतच. पण त्यांच्याजवळ बसून कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवले, ते बोलत असताना कोणीतरी लिहून घेतले, हे आपण विसरतो. ती वाचणारी आणि लिहिणारी माणसे मिळाली नसती तर ती प्रज्ञा कुठे गेली असती? आपल्या आसपास किती मुले नुसती वाचून दाखवणारा कोणी नाही म्हणून गप्प बसली असतील?

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक मूल गुलाबराव महाराज होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. "यांच्यात काहीतरी दैवी गुण असतो" अशी आशा लावून जवळ घेतले, तर गुण दिसला नाही की आपण पुन्हा दूर करू. काही मुले कधी लिहिणार नाहीत, काही कधी बोलणार नाहीत. त्यांची जागा त्यांच्या हुशारीवर ठरत नाही. दिंडीत कोणाला किती अभंग पाठ आहेत हे विचारून आपण रांगेत घेतो का? ज्याच्या पायाला फोड आले त्याचे बोचके दुसरा उचलतो, ज्याला चालवत नाही तो काही अंतर गाडीत बसतो, आणि त्याची वारी अर्धी झाली असे पंढरपुरात कोणी म्हणत नाही.

धापेवाड्याहून परतल्यावर मी त्या माउलीच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. मुलगा पुन्हा येऊ लागला. आधी अडचणच झाली. हळूहळू कळले, की टाळांचा आवाज अगदी कानाशी आला की तो ओरडतो. त्याला तो सोसत नाही. मग टाळकरी पलीकडे उभे केले. आमच्या पखवाजवाल्या बुवांनी त्याला जवळ घेतले आणि पखवाजाच्या खोडावर त्याचा तळहात ठेवला. थाप पडली की ती त्याच्या हाताला कळते. तेव्हापासून तो बहुतेक दिवस शांत बसतो. चमत्कार काही झाला नाही. ठेका अजून चुकतो, बोलत तो अजून नाहीच, आणि एखाद्या संध्याकाळी उठून रडत बाहेर जातोही. त्या दिवशी मंडळातला कोणीतरी त्याच्यासोबत ओट्यावर बसतो.

इतके दिवस मी समजत होतो, की त्याच्यामुळे हरिपाठात व्यत्यय येतो. आमचे टाळ त्याला सोसत नाहीत, हे मी कधी पाहिलेच नव्हते. सर्वांभूती देव आहे असे रोज तोंडाने म्हणत होतो आणि माझ्या सोयीत न बसणाऱ्या देवाला ओट्यावर पाठवत होतो.

शाळा सुरू होण्याच्या दिवसांतच आपली वारी निघते. वाटेत, गावात, वस्तीवर असे एखादे मूल दिसले, तर त्याच्या आईला कर्म सांगू नका. शाळेत नाव घातले का विचारा. घातले नसेल तर सोबत जा. घातले असेल तर आठवड्यातून एक तास त्याला वाचून दाखवा. माउलींच्या शेजारची लेखनिकाची जागा एकदाच भरली. या लेकरांच्या शेजारची मात्र अजून रिकामी आहे, आणि तिथे बसायला विद्वत्ता लागत नाही.

राम कृष्ण हरी.