पाहुण्याचे ताट

दिल्लीच्या चाणक्यपुरीतील अशोक हॉटेल सरकारने उभारले ते १९५६ साली, युनेस्कोच्या परिषदेस येणाऱ्या प्रतिनिधींची सोय व्हावी म्हणून. शिक्षणाचा प्रसार हे त्या संस्थेचे एक प्रमुख कार्य. आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे या देशात साक्षर होते शेकडा सुमारे १८. अशा देशाने शेकडो खोल्यांचे राजेशाही हॉटेल बांधावे, हे नीतीला धरून आहे काय?

‘नाही’ असे चटकन म्हणवत नाही. गरिबाच्या घरीही पाहुणा आला की शेजारून साखर उसनी आणतात, फडताळातले चांगले ताट काढतात. त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. कारण तेथे अर्धपोटी राहणारा तोच यजमान असतो. त्यागही त्याचा आणि आतिथ्याचा मानही त्याचाच.

राष्ट्राच्या घरी ही दोन माणसे वेगळी पडतात. काडेपेटीमागे कर भरणारा एक; पाहुण्याच्या पंक्तीला बसणारा दुसरा. आम्हां सरकारी कारकुनांना हे अधिक जाणवते. खर्चाच्या कागदावर मंजुरी देणाऱ्याची सही असते. ज्याच्या तोंडचा घास गेला त्याचे नाव कोठेच नसते.

म्हणून दोष आम्ही वैभवाला देत नाही, विस्मरणाला देतो. पाहुण्यांकडून झालेली प्राप्ती खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचत असेल, तर ते आतिथ्य साऱ्या देशाचे. पोहोचत नसेल, तर यजमान म्हणून मिरवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.